तळ दिसणारं पाणी

फर्गस केर्न्सची होडी उलटी सापडली, त्याच संध्याकाळी मी आमचं अख्खं तळं बंद केलं. मी म्हणजे पिरिहिरा. हा अधिकार आधी माझ्या आईकडे होता, तिच्यामागे माझ्याकडे आला. मी काही मागायला गेले नव्हते. किनाऱ्यावर उभं राहायचं, प्रार्थना म्हणायची आणि सांगायचं की राहुई लागली. बुडालेला माणूस सापडेपर्यंत हे पाणी त्याचं. कोणी जाळं टाकायचं नाही, वाम धरायची नाही, होडी काढायची नाही, पाण्यात पाय घालायचा नाही. शोधायला जाणाऱ्यांना तेवढी मोकळीक. बाकी सगळ्यांना बंदी, आणि त्या सगळ्यांत मीही आले, हे त्या संध्याकाळी माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

डोक्यात आलं दुसऱ्या दिवशी, चुलीशी. खिडकीतून तळ्याच्या खाडीत, पाण्यात घातलेलं माझं कुंपण दिसत होतं आणि खिडकीखाली मानुकाच्या झुडपाच्या फांद्यांच्या नव्या जुड्या रचून ठेवल्या होत्या. त्या आठवड्यात कुंपणाचा मधला भाग नव्याने बांधायचा होता. हिवाळ्यात तिथल्या गाठी सैल झाल्या होत्या, दोन खुंट कलले होते. तिएके, माझा भाचा, महिनाभर मागे लागला होता आणि मी आज-उद्या करत राहिले होते. माझ्या हातातला चमचा तसाच राहिला.

आमचं तळं मोठं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही. खोल मात्र बहुतेक ठिकाणी माझ्या छातीइतकंच. छातीभर पाण्यात माणूस बुडतो कसा, असं शहरातले लोक विचारतात. पाय चिखलात रुततो, लांब रबरी बूट पाण्याने भरतात, थंडीने अंग आखडतं. असा बुडतो. आणि पाण्याचा रंग असा, की दूध जास्त झालेला चहा बरा. पोलिसांचे पाणबुडे आले, त्यातल्या एकाने बाहेर येऊन मुखवटा काढला आणि म्हणाला, "डोळ्यासमोर धरलेला हात दिसत नाही. आम्ही नुसतं चाचपतोय."

हे त्याने फर्गसच्या आईसमोर सांगायला नको होतं. मॉइरा केर्न्स तिथेच, दुधाच्या कॅनवर बसलेली होती. रस्ता माझ्या दारात संपतो, त्यामुळे सगळा शोध माझ्या अंगणातून चालला होता आणि मॉइरा माझ्या अंगणात होती. एरवी तिने माझ्या अंगणात पाय ठेवला नसता, मीही ठेवू दिला नसता. आम्ही दोघी एकाच शाळेच्या बसमधून जायचो. तेव्हापासून आमचं पटत नाही.

"वामी आहेत ना रे ह्या तळ्यात?" तिने पाणबुड्याला विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिएकेकडे. वामी मेलेलं काही सोडत नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

हे तळं पूर्वी असं नव्हतं. माझे वडील कंदील आणि भाला घेऊन उथळ पाण्यात चालत जायचे आणि तळाशी चिकटून पडलेले लेप मासे वरून दिसायचे, डोळ्यांसकट. सगळीकडे पाणगवत होतं. आमच्याकडे त्याला घोड्याची आयाळ म्हणतात, कारण ते तसंच लांब, केसांसारखं एका दिशेला पसरतं. मी सात वर्षांची असताना दक्षिणेकडून मोठं वादळ आलं आणि ती सगळी आयाळ एका रात्रीत मुळासकट उपटून काठावर फेकली. मग गाळ मोकळा झाला. वारा गाळ उठवतो. गाळ उठला की ऊन तळाला पोचत नाही. ऊन नाही तर गवत नाही, आणि गवत नाही तर गाळाला धरून ठेवणारं कोणी नाही. मग परत वारा. माझा सगळा जन्म ह्यात गेला.

त्याच वादळात वडील जाळी काढायला गेले होते. ते सापडले नाहीत. आईच्या मामांनी राहुई लावली, जमेल तितकी ठेवली आणि मग उठवली. लोकांची पोटं तळ्यावर होती, घरात पोरं होती, दुसरीकडे काम नव्हतं. सगळी कारणं चांगली होती. आईने पुढे कधी ह्या तळ्यातला मासा खाल्ला नाही. मी खाल्ला. सात वर्षांच्या पोरीला भूक लागते.

तर कुंपण. वाम धरायला आमची माणसं मानुकाच्या फांद्यांचा बांध विणतात. खुंट ठोकायचे, मध्ये जुड्या दाबून बसवायच्या, वेलाने आवळायच्या. पाणी जातं, जोर अडतो. मी तसाच बांध खाडीच्या तोंडाशी घातला, लाटा अडवायला, आणि आत आयाळ लावली. पहिली लागवड काळ्या हंसांनी खाल्ली. दुसरी गाळाखाली गेली. तिएके म्हणाला, "आत्या, ह्यापेक्षा बटाटे लाव." तिसरी धरली. ती वाढली तसा आतला गाळ बसला आणि गेल्या उन्हाळ्यात मी गुडघाभर पाण्यात उभी राहून माझ्या पायाची नखं पाहिली. मी तिथे उभी राहून रडले, आणि नंतर तिएकेला सांगितलं की डोळ्यात काहीतरी गेलं.

ह्या वर्षी ती पहिल्यांदा फुलणार होती. फूल आलं की बी, आणि बी एकदा तळाच्या चिखलात पडलं की वरचं गवत गेलं तरी पुन्हा उगवतं. बी पडायच्या आधी गेलं, तर सगळं गेलं. माझ्या वयाला पुन्हा पहिल्यापासून सुरू करता येत नाही.

मॉइराने गावाच्या भर सभेत मला विचारलं होतं, "पिरी, तळ बघून करायचंय काय तुला? माझ्या गाई काय तळ बघून पाणी पितात?" सगळी सभा हसली होती. तिएकेसुद्धा हसला, गाढव. माझा बाप खाली आहे, असं सभेत सांगतात का?

आणि तिचा हा फर्गस, विशीतला, इंजिनाची होडी घेऊन माझ्या कुंपणाजवळून जायचा. त्याच्या लाटा जुड्यांवर आपटायच्या. मी काठावरून घालायच्या त्या सगळ्या शिव्या घालायची, आणि तो हात हलवायचा.

शोधाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी तिएके आत आला आणि दार लावून घेतलं.

"आत्या, दक्षिणेचा वारा येतोय. रेडिओवर सांगतायत, मोठा आहे."

"ऐकलं."

"मग?"

"मग काय? खिडक्या लाव."

"मधला भाग टिकणार नाही. तुला माहितीये."

"तुला काय वाटलं, मला दिसत नाही?"

तो माझ्यासमोर बसला. चांगला चाळिशीला टेकलेला धिप्पाड माणूस, पण काही हवं असलं की अजून लहानपणी बसायचा तसाच बसतो. "तू लावलीयेस, तूच काढ. तासाभरासाठी. मी जातो, चार जुड्या आवळतो, येतो. मग परत लाव."

"राहुई म्हणजे काय दाराची कडी आहे?"

"बरं, मग असं करू. शोधणाऱ्यांना मोकळीक आहे ना? मी फर्गसला शोधायला निघालो. शोधता शोधता कुंपणापाशी आलो. शोधता शोधता हाताला दोरी लागली..."

"तिएके."

"काय?"

"हे बाहेर जाऊन मॉइरासमोर बोल. ह्याच शब्दांत."

त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. मॉइरा कॅनवर बसलेली होती, डोक्यावर कोणाचा तरी रेनकोट. त्याची मान खाली गेली, पण उठला नाही.

"माझ्याही पाठीची वाट लागलीये त्या कुंपणात," तो म्हणाला. "दोन हिवाळे तुझ्याबरोबर गारठलोय. ह्या खेपेला बी धरणार होतं, आत्या. आणि तो तर मेलाय. मेलेल्याला काय फरक पडतो?"

"माझ्या बापाच्या वेळीही असंच कोणीतरी म्हणालं असणार," मी म्हणाले. "आणि ते खोटं नव्हतंच. एकदा चांगल्या कारणासाठी उठवली. आता मी गवतासाठी उठवू? मग पुढच्या वेळी कोण ऐकेल?"

तिएके उठला, दार आपटून गेला. चुलीवरचं झाकण खाली पडलं.

मला जायचं नव्हतं असं कोणी समजू नये. तो गेल्यावर मी बूट चढवले, दोरीचं भेंडोळं खांद्याला अडकवलं आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभी राहिले. पाणी बुटाच्या टोकापासून वीतभर. कुंपण समोर, मोठ्याने बोललं तर ऐकू जाईल इतकं जवळ. आतलं पाणी अजून स्वच्छ होतं, आणि आयाळीच्या शेंड्यांवर बारीक कळ्या दिसत होत्या. हो, कळ्या होत्या. मी माझ्याच तोंडाने लावलेली बंदी, मीच मोडली तर मला विचारणारं ह्या तळ्यावर कोणी उरलेलं नाही. सगळे गेले. मला त्या सगळ्यांचा राग आला, आईचासुद्धा.

"जा ना," मागून आवाज आला.

मॉइरा उठून आली होती. तीन दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती.

"तुझं कुंपण मोडेल म्हणून उभी आहेस ना? दिसतंय मला. जा, बांध. तुमच्या त्या बंदीवर माझा विश्वास नाही. माझ्यासाठी थांबू नकोस."

"तुझ्यासाठी नाही थांबले."

"मग कोणासाठी?"

"त्याच्यासाठी. पाणी आता त्याचं आहे."

"तो तुला आवडत नव्हता."

"नव्हता आवडत," मी म्हणाले. "कार्टा होता."

तिचा चेहरा असा झाला की ती मला मारते की काय असं वाटलं. मग तिच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि ते हसणं होतं. "होता खरा," ती म्हणाली आणि खाली वाळूतच बसली. मी दोरी खांद्यावरून काढली आणि तिच्या शेजारी ठेवली.

अंधार पडायच्या आधीच वारा आला. आमच्याकडे दक्षिणेचा वारा थेट ध्रुवाकडच्या बर्फावरून येतो. पाणबुड्यांनी सामान गुंडाळलं आणि शोध थांबवला. मॉइरा घरी जायला तयार नव्हती. तिएकेने तिला दंडाला धरून माझ्या जाळ्यांच्या छपरीत आणलं आणि मी घोंगडी दिली. तिथून सगळं दिसत होतं. लाटा बुटक्या होत्या, पण एकीमागून एक, दम न घेता, आणि प्रत्येक लाटेबरोबर जुड्यांमधून तपकिरी फेस आत उडत होता.

आधी एक कललेला खुंट गेला. तो गेल्यावर त्याची जुडी काही वेळ दुसऱ्या खुंटाला लोंबकळत राहिली, आणि मी तिला मनातल्या मनात म्हणत होते, थांब बाई, थांब. मग ती सुटली. तिच्या मागे तिच्या शेजारची. मग मधला सगळा भाग एकदम आडवा झाला आणि तपकिरी पाणी तिथून आत शिरलं. तिएकेने तोंड फिरवलं. मी नाही फिरवलं. मी लावलं होतं, मीच बघायला हवं होतं.

"काय गेलं?" मॉइराने विचारलं.

"कुंपण."

तिने घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. छपराचा पत्रा वाजत होता.

"फर्गस सांगायचा," ती म्हणाली, "की तिथे गेलं आणि इंजिन बंद केलं की खालचं सगळं दिसतं. बघत बसायचा म्हणे. मी म्हटलं, बघायला आहे काय तिथे? दूध काढायची वेळ झाली, आणि हा गवत बघतोय."

मला वाटत होतं, तो मला चिडवायला येतो. तिएकेने चहा ओतला, आणि तो तिघांनीही न पिता गार झाला.

पहाटे वारा पडला. उजाडलं तेव्हा मी छपरीत एकटीच होते, मान आखडलेली. तिएके घरात चुलीत लाकडं घालत होता. मॉइराची घोंगडी घडी करून ठेवलेली होती.

ती खाडीच्या काठाने चालत होती, उंचवट्यावरून. मी तिच्या मागे निघाले, पण माझे डोळे पाण्यावर होते. खोटं कशाला सांगू. मधोमध घराच्या दाराएवढी तीन दारं बसतील अशी फट पडली होती. फटीतून तपकिरी पाण्याचा पट्टा आत आलेला, त्याखालची आयाळ झोपलेली, गाळाने माखलेली. पण पट्टा आत येता येता विरत गेला होता. काठाजवळ, जिथे गवत सर्वांत दाट होतं, तिथे पाणी अजून काचेसारखं होतं. एवढं वादळ होऊन गेलं आणि तिथे तळ दिसत होता.

मॉइरा थांबली. ओरडली नाही.

"पिरी," ती म्हणाली. "पिरी, इकडे ये."

तो काठापासून फार दूर नव्हता. पाण्याखाली हातभर, कुशीवर, निळा स्वेटर. आयाळ त्याच्या दंडांभोवती आणि पायांभोवती आली होती, म्हणून तो तिथेच राहिला होता. त्याचे केस आणि गवत एकाच दिशेला हलत होते. वाऱ्याने त्याला तळ्यातून उचलून त्या फटीतून आत आणलं होतं. फट नसती तर तो कुंपणाच्या बाहेरच राहिला असता, त्या चहात, आणि मग कोणाला कधी दिसला असता?

"अख्खा आहे," मॉइरा म्हणाली. "अख्खा आहे गं. तोंड दिसतंय त्याचं."

मी त्याला हाक मारली, आमच्यात गेलेल्याला मारतात तशी, लांब. आवाज ऐकून तिएके धावत आला, मग रस्त्यावरचे पोलीस. पण मॉइरा कोणासाठी थांबली नाही, ती पाण्यात उतरली. मीही तिच्याबरोबर उतरले; आता तो सापडला होता आणि त्याला आणायला जायला कोणाची बंदी नाही. कंबरभर पाणी. तिने त्याच्या दंडावरचं गवत एकेक करून सोडवलं, हळू, झोपलेल्याच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं. आणि मी त्या वेळी काय पाहिलं सांगू? आमच्या बुटांखाली आयाळ चिरडत होती, कळ्यांसकट, ते पाहिलं. माझी मलाच लाज वाटली, पण पाहिलं.

फर्गसला त्यांच्या चर्चमागे पुरलं. आमची सगळी माणसं गेली होती, मीही काळी शाल घेऊन गेले. दुसऱ्या सकाळी मी किनाऱ्यावर उभी राहिले आणि तळ्याची राहुई उठवली. लोकांनी जाळी बाहेर काढली. पण जिथे माणूस मिळतो तेवढी जागा आमच्यात लगेच मोकळी करत नाहीत. ती जागा म्हणजे माझी खाडी होती.

मॉइरा आली होती. तिएके जुड्यांच्या ढिगापाशी उभा होता, हातात दोरी, आणि माझ्याकडे असं बघत होता की मला त्याच्याकडे बघवेना. फट अजून छोटी होती. चांगला दिवस मिळाला असता तर आम्ही दोघांनी ती संध्याकाळपर्यंत भरली असती.

"इथली किती दिवस?" त्याने विचारलं. "आत्या, थोडी ठेवली तरी चालते. तो आपल्यातला नव्हता."

हेही चांगलं कारण होतं. मी तोंड उघडलं आणि काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही, कारण मॉइरा आधी बोलली.

"तुमच्यातला असता तर किती ठेवली असती?"

"उन्हाळा संपेपर्यंत," मी म्हणाले.

"म्हणजे ते पाणी तोवर त्याचं?"

"हो."

ती कुंपणाकडे बघत होती. तिला फट म्हणजे काय हे कळत होतं की नाही, मी विचारलं नाही. बहुतेक कळत नव्हतं. शेतावर जन्म गेलेली बाई, पण तिला पाण्यातलं काही कळत नाही.

"मग तेवढीच ठेव," ती म्हणाली.

मी ठेवली. तिएकेने दोरी खाली टाकली, आणि त्या दिवशी तो माझ्याकडे जेवला नाही.

आता उन्हाळा अर्धा सरलाय. दक्षिणेचा वारा आला की फट आणखी थोडी रुंद होते आणि तपकिरी पट्टा आणखी थोडा आत येतो. काठाजवळच्या तुकड्यात फुलं आली होती, एवढं मी उंचवट्यावरून पाहिलंय. बी पडलं का, ते पाण्यात उतरल्याशिवाय कळणार नाही, आणि उतरायची मला बंदी आहे. मी चिडते, तिएकेवर ओरडते, रात्री झोपत नाही. नव्या जुड्या खिडकीखाली वाळून गेल्यात.

मॉइरा रोज येते, संध्याकाळचं दूध काढून झालं की. अंगाला गाईंचा वास असतो. उंचवट्यावर माझ्याशेजारी बसते, आणि आम्ही दोघी त्याच्या जागेकडे बघतो. बोलणं फारसं होत नाही, अजूनही आमचं पटत नाही. काल दुपारभर वारा होता आणि पाणी गढूळ झालं होतं. ती बराच वेळ मान पुढे काढून बघत राहिली.

"आज तळ दिसत नाही गं," ती म्हणाली.

"वारा पडू दे," मी म्हणाले.